पांच शेजाऱ्यांचा छर्रा

गेल्या वर्षीं नवव्या इयत्तेच्या वर्गांत आम्हीं एक लहानसा प्रयोग करून दाखविला. सायकलीच्या दुकानांतून एकाच मापाचे चार-पांचशें पोलादी छर्रे आणले, ते उंच कांठाच्या एका पितळी ताटांत ओतले, आणि ताट किंचित् कलतें धरून हळूहळू हलविलें. पाहतां पाहतां छर्रे ओळींनीं बसूं लागले, व मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सुबक नक्षी ताटांत उमटली. पाठ्यपुस्तकांत स्थायु पदार्थांतील कणांची जी आकृति असते, तिचीच ही प्रतिमा होय, असें आम्हीं मुलांस सांगितलें. आणि ‘निरीक्षण करून आकृति काढा’ अशी आज्ञा करून ताट टेबलावर ठेवून दिलें.

दुपारच्या सुट्टींत वह्या तपासतांना एका विद्यार्थ्याची आकृति आम्हांस खटकली. इतर सर्वांच्या वह्यांत प्रत्येक छर्ऱ्याभोंवतीं सहा छर्रे होते. याच्या आकृतींत मात्र एका छर्ऱ्यास पांचच शेजारी होते, व त्यास लागूनच असलेल्या दुसऱ्यास सात. आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें रेघ मारली, आणि ‘आकृति पुन्हां काढणें’ असा शेरा लिहिला. मुलगा वही घेऊन आला व हळूच म्हणाला, “सर, पण तिथं तसंच होतं.” आम्ही घाईंत होतों. “पुस्तकांत बघ, सहाच असतात,” असें सांगून त्यास परत पाठविलें. त्यानें ती आकृति खोडून नवी काढली. ती अगदीं पुस्तकासारखी होती, आणि तिला आम्हीं पूर्ण गुण दिले.

सायंकाळीं शाळा सुटल्यावर सामान कपाटांत ठेवतांना तें ताट आमच्या दृष्टीस पडलें. कोणीं त्यास हात लावला नव्हता. सहज म्हणून आम्ही वांकलों आणि पेन्सिलीच्या टोंकानें मोजूं लागलों. मध्यापासून थोडें डावीकडे एका छर्ऱ्याभोंवतीं पांच छर्रे होते, आणि त्याच्या शेजारच्या छर्ऱ्याभोंवतीं सात. आम्हीं तीन वेळां मोजलें. मुलानें काढलें होतें तें खरें होतें, व आमचा शेरा खोटा होता. त्यानें ताटाकडे पाहिलें होतें. आम्हीं पुस्तकाकडे पाहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. परंतु खोडलेली आकृति कांहीं परत आली नाहीं. रबरानें घांसून त्या जागीं कागद पातळ झाला होता.

हा प्रसंग केवळ आत्मनिंदेसाठीं आम्ही सांगत नाहीं. या अंकाचे वाचक म्हणजे आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक. त्यांच्यापुढें आम्हांस एक मत मांडावयाचें आहे, आणि तें असें: प्रयोगवहींत जें दिसलें तेंच लिहिलें गेलें पाहिजे, पुस्तकांतील आकृतीची नक्कल नव्हे, आणि जें जुळलें नाहीं तें खोडून टाकण्याची जी संवय आपण मुलांस लावतों, ती विज्ञानाच्या मुळावरच घाव घालणारी आहे. ज्या पांच-सातांच्या जोडीवर आम्हीं रेघ मारली, तिच्याच अभ्यासानें गेल्या नव्वद वर्षांत शास्त्रज्ञांनीं काय मिळविलें, हें पाहिलें म्हणजे आमच्या म्हणण्यांतील तथ्य वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम सहांचें कारण पाहूं. रुपयाच्या एका नाण्याभोंवतीं तशींच नाणीं चिकटून मांडलीं, तर बरोबर सहा मावतात. सातव्यास जागा उरत नाहीं, आणि पांचच मांडलीं तर फट राहते. सर्व सपाटी याच रीतीनें भरली, तर शेंकडा सुमारें ९१ भाग झांकला जातो. सारख्या वर्तुळांची याहून दाट मांडणी सपाटीवर होऊं शकत नाहीं, हें गणितानें सिद्ध झालेलें आहे. म्हणूनच ताट हलविलें कीं छर्रे सहांच्या मांडणीकडे ओढ घेतात. पण ताटाच्या एका बाजूस ओळी एका दिशेनें जुळूं लागतात, तर दुसऱ्या बाजूस जराशा निराळ्या दिशेनें. आणि या दोन तुकड्या जेथें एकमेकींस भिडतात, तेथें हिशेब चुकतो. तेथें कोणास पांच शेजारी मिळतात, कोणास सात.

मधमाश्यांचें पोळें म्हणजे बिनचूक षट्कोनांची रचना, असा आपला समज असतो. तोही सर्वस्वी खरा नव्हे. निरनिराळ्या ठिकाणीं आरंभिलेले पोळ्याचे भाग जोडण्याची वेळ आली, किंवा लहान घरांकडून मोठ्या घरांकडे जावयाचें झालें, म्हणजे माश्या मध्यें पांच व सात बाजूंचीं घरें बांधून तो सांधा जुळवितात. २०२१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं पोळ्यांचीं छायाचित्रें घेऊन हजारों घरें मोजलीं, तेव्हां हें कसब तपशीलवार उघड झालें. ज्या पोळ्याचा दाखला देऊन आम्हीं मुलास ‘सहाच असतात’ म्हटलें, त्या पोळ्यांतच पांच होते!

हा दोष नेमका कसा असतो, हें आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांस समजावून देण्यास फारसे श्रम नकोत. हळदीचें किंवा ज्वारीचें रान एका अंगास रुंद व दुसऱ्या अंगास अरुंद असेल, तर सारेच तास बांधापासून बांधापर्यंत पोंचत नाहींत. एखादा तास मध्येंच संपतो, व त्याच्या दोहों बाजूंचे तास एकमेकांजवळ सरकून पुढें चालूं लागतात. दूर बांधावरून पाहिलें तर रान सरळच दिसतें. दोष दिसतो तो त्या टोंकापाशीं. छर्ऱ्यांच्या ताटांतही जेथें अशी ओळ मध्येंच संपते, तेथेंच पांच व सात शेजाऱ्यांची ती जोडी असते. इंग्रजींत या दोषास ‘डिस्लोकेशन’ म्हणतात; आपण त्यास तुटका तास म्हणूं.

तुटका तास ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु लोहाराच्या भात्यापाशीं क्षणभर उभें राहून विचार करावा. तांब्याची तार हातानें वांकते, लोखंड घणाखालीं पसरतें, याचें कारण काय? धातूंतील अणु सर्वत्र निर्दोष रांगांनीं बसलेले असते, तर एक अखंड थर दुसऱ्यावरून एकदम सरकविण्यास आज लागतो त्याच्या शेंकडों पटींनीं अधिक जोर लागला असता. या कोड्याचें उत्तर १९३४ सालीं टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनीं स्वतंत्रपणें दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं सगळा थर एकदम सरकतच नाहीं. तुटका तास एकेक पाऊल पुढें सरकत जातो. जड सतरंजी जमिनीवरून ओढून नेणें कठीण. पण तिच्या एका टोंकास सुरकुती पाडून ती सुरकुती पुढें ढकलीत नेली, तर सतरंजी अल्प श्रमानें सरकते. तसेंच हें. म्हणजे आपल्या विळ्याला, कोयत्याला, नांगराच्या फाळाला आकार देतां येतो, तो धातूंतील दोषांच्या कृपेनें.

अणु डोळ्यांस दिसत नाहींत, म्हणून १९४७ सालीं केंब्रिज येथें लॉरेन्स ब्रॅग व जॉन नाय यांनीं एक युक्ति योजिली. साबणाच्या पाण्यावर त्यांनीं एकाच मापाचे असंख्य बारीक बुडबुडे सोडले. ते एकमेकांस चिकटून पाण्यावर एकाच थराचा तराफा तयार झाला. तो तराफा दाबला किंवा ताणला कीं तुटके तास त्यांतून सरकतांना स्पष्ट दिसूं लागत. ब्रॅग यांस वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षीं, १९१५ सालीं, नोबेल पारितोषिक मिळालें होतें. अशा मनुष्यास साबणाचे बुडबुडे न्याहाळण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आणि बुडबुड्यांचीं जीं छायाचित्रें त्यांनीं प्रसिद्ध केलीं, त्यांत दोष झांकण्याचा प्रयत्न नव्हता. दोष दाखविणें हाच त्यांचा हेतु होता.

येथवर झालें तें वांकण्याविषयीं. वितळण्याविषयींची हकीकत याहूनही मनोरंजक आहे. पाठ्यपुस्तक सांगतें कीं पदार्थाच्या स्थायु, द्रव व वायु अशा अवस्था आहेत, आणि एका ठराविक तापमानास स्थायूचा द्रव होतो. यास अवस्थांतर म्हणतात. आपल्या भोंवतालच्या जाड वस्तूंस हें लागू आहे. परंतु कण जर एकाच थरांत, ताटांतील छर्ऱ्यांप्रमाणें सपाट जगांत राहत असतील, तर तेथें वितळणें कसें होईल? पायर्ल्स व लांडाउ यांनीं १९३० नंतरच्या दशकांत, आणि मर्मिन यांनीं १९६८ सालीं असें दाखविलें कीं सपाट जगांत संपूर्ण सुव्यवस्थित स्फटिक होऊंच शकत नाहीं. उष्णतेमुळें प्रत्येक कण थोडा थरथरतो. ती थरथर ओळीगणिक सांचत जाते. आणि जवळची रांग नीट असली तरी फार दूरचा कण आपल्या नेमल्या जागीं सांपडत नाहीं. जेथें मुळांत पूर्ण सुव्यवस्थाच नाहीं, तेथें ती मोडणार कशी, असा हा पेंच होता.

१९७२-७३ च्या सुमारास बर्मिंगहॅम येथील डेव्हिड थाउलेस व मायकेल कोस्टरलिट्झ यांनीं या पेंचांतून वाट काढली, आणि ती तुटक्या तासाच्याच टोंकापासून निघाली. सोव्हिएत शास्त्रज्ञ वादिम बेरेझिन्स्की यानेंही १९७१ सालींच त्या दिशेनें विचार मांडला होता. त्यांची कल्पना थोडक्यांत अशी. तापमान कमी असतां तुटके तास उपजतात ते जोडीजोडीनें. एक या दिशेचा, दुसरा त्याच्या उलट. ते एकमेकांस बिलगून असतात, व एकाची चूक दुसरा भरून काढतो. त्यामुळें दुरून पाहतां रान सरळच राहतें. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलें, कीं या जोड्या सुटतात. एकटे तुटके तास रानभर हिंडूं लागतात, आणि मग ओळी एकमेकींवरून सहज सरकूं शकतात. स्थायूचा ताठपणा जातो तो याच क्षणीं.

पुढें १९७८-७९ सालीं हॅल्पेरिन, नेल्सन व यंग यांनीं आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली. जोड्या सुटल्या म्हणजे लगेच द्रव झाला असें नाहीं. एका अफाट रानाची कल्पना करा. जागोजाग तास तुटलेले आहेत, त्यामुळें एका बांधावरून निघालेला तास दुसऱ्या बांधापर्यंत हुडकीत जातां येत नाहीं; पण कोठेंही उभें राहून पाहिलें तरी तासांचा रोंख पूर्वपश्चिमच आहे. जागा बिघडली, दिशा राहिली. स्थायु व द्रव यांच्या मधली ही जी अवस्था, तिला ‘हेक्झॅटिक’ असें नांव आहे. याहून तापमान वाढलें म्हणजे खुद्द पांच व सात यांची जोडीही फुटते. पांच शेजाऱ्यांचा कण एकीकडे व सात शेजाऱ्यांचा दुसरीकडे जातो. मग दिशाही नाहींशी होते, आणि खरा द्रव होतो. म्हणजे सपाट जगांत वितळण्याच्या पायऱ्या दोन, आणि मधली अवस्था आमच्या वर्गांतील तक्त्यावर मुळींच नाहीं!

ही नुसती कागदावरची कल्पना राहिली नाहीं. १९९९ सालीं जर्मनींतील कॉन्स्टान्त्स येथें संशोधकांनीं मिलिमीटरच्या सुमारें साडेचार सहस्रांश जाडीच्या गोळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर एका थरांत ठेवल्या, चुंबकीय क्षेत्रानें त्यांच्यांतील परस्पर लोटण्याचा जोर कमीजास्त केला, आणि सूक्ष्मदर्शकांतून दोन्ही पायऱ्या पाहिल्या. अशा प्रयोगांत प्रत्येक गोळीचे शेजारी मोजावयाचे असतात: याचे सहा, याचे पांच, याचे सात. आमच्या विद्यार्थ्यानें नवव्या इयत्तेंत पेन्सिलीनें केलें, तेंच तें काम. २०१६ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग थाउलेस यांस मिळाला, व उरलेला अर्धा हॉल्डेन व कोस्टरलिट्झ यांनीं वांटून घेतला.

तथापि येथेंही सारें पुस्तकाप्रमाणें झालें नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. नुसत्या कठीण चकत्या सपाटीवर दाटीनें ठेवल्या तर त्या कशा वितळतात, याविषयीं १९६२ पासून वाद चालला होता. त्या वर्षीं आल्डर व वेनराइट यांनीं संगणकावर थोड्या चकत्या घेऊन पाहिलें, तेव्हां अवस्थांतर एकाएकीं होतें असें त्यांस दिसलें. पुढें दोन पायऱ्यांचा सिद्धांत आला. त्यानुसार दोन्ही पायऱ्या सौम्यपणें, धक्क्यावांचून व्हावयास पाहिजेत. २०११ सालीं बर्नार व क्राउट यांनीं दहा लाखांहून अधिक चकत्या घेऊन गणित केलें. निष्कर्ष असा निघाला कीं मधली अवस्था खरोखरच आहे, आणि तिच्यापासून स्थायूकडे जाणारी पायरी सौम्यही आहे. पण द्रवापासून मधल्या अवस्थेकडे जाणारी पायरी एकाएकीं होते. म्हणजे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर होते. सिद्धांत कितीही सुंदर असला तरी त्यांनीं दिसलें तेंच लिहिलें. न जुळणाऱ्या भागावर रबर फिरविलें नाहीं.

असें काम परदेशांतच होतें, असेंही कोणी समजूं नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत दीर्घकाळ काम करून पुढें पुण्याच्या आयसर संस्थेंत आलेले प्रा. दीपक धर यांस २०२२ सालचें बोल्ट्झमन पदक मिळालें. असंख्य कणांच्या समूहांचा विचार करणाऱ्या शास्त्रांतील हा अत्युच्च मान होय, व तो मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांनीं एका सहकाऱ्यासह २००७ सालीं एक प्रश्न हातीं घेतला. चौकटींच्या कागदावर ताठ काड्या, उभ्या किंवा आडव्या, एकमेकींवर न चढतां टाकीत गेलें, तर काय होईल? काडी सात घरांची किंवा त्याहून लांब असेल तर, काड्या थोड्या असतां उभ्या व आडव्या मिसळून राहतात. संख्या वाढली म्हणजे बहुतेक काड्या एकाच दिशेस वळतात. येथवर कोणीही तर्कानें जाईल. पण जागा जवळजवळ सर्व भरली कीं ही शिस्त पुन्हां मोडते, असें त्यांनीं प्रतिपादिलें. आणि पुढें २०१३ सालीं धर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संगणकावर त्याची कसून पडताळणी केली. जितकी गर्दी दाट तितकी शिस्त अधिक, हा आपला समज बसल्याजागीं किती खरा वाटतो! काड्या मोजल्यावरच तो ढांसळला.

आतां वाचकांच्या मनांत ज्या शंका येतील, त्यांकडे वळूं. पालक म्हणतील, ‘हें सर्व ठीक; पण दहावीच्या विज्ञानांत प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत, आणि ते पुस्तकाप्रमाणें आकृति काढणाऱ्यास मिळतात. आमच्या मुलाचें नुकसान कोण सोसणार?’ हा प्रश्न आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. कर्ज काढून मुलास नांदेडास किंवा लातुरास पुढील शिक्षणासाठीं पाठविणाऱ्या बापास ‘गुणांची चिंता करूं नका’ असें सांगणें, हा उद्धटपणा होईल. परंतु प्रयोगवही तपासतो कोण? आम्ही शिक्षकच. तांबडी शाई आमच्या हातीं आहे. तेव्हां सुधारणेचा भार मुलांनीं किंवा पालकांनीं उचलावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो प्रथम आम्हींच उचलला पाहिजे. खरें पाहून लिहिणाऱ्या मुलाचा एक गुणही कमी होतां कामा नये. आणि झाला, तर तो अपराध शिक्षकाचा समजावा.

दुसरी शंका आमच्या व्यवसायबंधूंची. ते म्हणतील, ‘मुलें मोजण्यांत चुकतात, आळस करतात, कधीं न पाहतांच लिहितात. प्रत्येक चूक म्हणजे शोध असें म्हणून तिची पूजा करावी काय?’ मुळींच नाहीं. वस्तूंतील दोष निराळा, आणि पाहणाऱ्याची चूक निराळी. पण या दोहोंतील भेद पुस्तक उघडून कळत नाहीं. पुन्हां पाहूनच कळतो. त्यासाठीं चार साध्या कसोट्या पुरेशा आहेत. स्वतः पुन्हां मोजावें. आपला आंकडा न सांगतां शेजारच्या मुलाकडून मोजवून घ्यावें. तो छर्रा झिजलेला किंवा निराळ्या मापाचा नाहीं ना, हें काढून पाहावें. आणि ताट पुन्हां हलवून तसा दोष दुसरीकडे कोठें पडतो कीं काय तें पाहावें. या कसोट्यांस उतरला तो दोष वस्तूचा. न उतरला ती चूक आपली. चूक आपली ठरली तर तिच्यावर एकच रेघ मारून शेजारीं बरोबर तें लिहावें. पण खोडून टाकूं नये, म्हणजे आपण कोठें चुकलों हेंही वहींत राहतें. प्रयोगशाळांतून काम करणारे शास्त्रज्ञ आपल्या नोंदवह्या अशाच ठेवतात.

या संवयीचा आमच्या जिल्ह्याशीं निकटचा संबंध येणार आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालच्या एप्रिल महिन्यांत मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपयांचा आहे. वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांब व्हावयाच्या आहेत. आणि आकाशांतून लहर आली असतां त्या लांबींत जो फरक पडतो, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान असतो. अमेरिकेंतील अशाच दोन वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली. या यंत्रांतील आरशांवर प्रकाश परतविणारे अतिशय पातळ थर चढविलेले असतात. त्या थरांतील अणु स्फटिकांतल्यासारखे रांगेनें बसलेले नसून कांचेंतल्याप्रमाणें अस्ताव्यस्त असतात. उष्णतेमुळें त्यांची जी चुळबुळ चालते, तिनें आरशाचा पृष्ठभाग अत्यंत किंचित् थरथरतो. आणि यंत्राच्या सूक्ष्मतेस ज्या मर्यादा पडतात, त्यांत ही एक प्रमुख आहे. ताटांतील छर्रे आणि औंढ्यास बसावयाचे आरसे यांत अंतर फार आहे खरें. पण कणांची मांडणी कोठें व कशी बिघडते, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच. त्या वेधशाळेंत उद्यां आमच्या जिल्ह्यांतील मुलामुलींनीं काम करावें, अशी आमची मनापासून इच्छा आहे. अपेक्षित तेवढेंच लिहिणाऱ्या मनुष्याचा तेथें उपयोग नाहीं. यंत्राच्या कागदावर जी खूण कोणाच्या हिशेबांत बसत नाहीं, ती जशीच्या तशी नोंदविणारा मनुष्य तेथें पाहिजे.

म्हणून यंदापासून आम्हीं आपल्यापुरते तीन नियम केले आहेत. प्रयोगाच्या तासास रबर दप्तरांतच राहील. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटीं ‘जें जुळलें नाहीं’ या मथळ्याखालीं चार ओळी मोकळ्या असतील; त्या भरल्या म्हणून गुण कापले जाणार नाहींत. आणि तिसरा नियम आमच्यासाठीं: तांबडी शाई हातीं घेण्यापूर्वीं आम्ही ताटाकडे पाहूं. पहिल्याच महिन्यांत त्या चार ओळींत जें लिहून आलें, त्यांतील बहुतेक चुकाच होत्या, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. पण त्या चुका मुलांनीं स्वतः शोधून काढल्या, आणि ‘सर, पुस्तकांत काय आहे?’ असें विचारण्याऐवजीं ‘सर, पुन्हां मोजूं का?’ असें विचारणारीं मुलें वर्गांत वाढलीं. आम्हांस तेवढें पुष्कळ आहे.

पालकांस आमची एकच विनंति आहे. मुलानें घरीं वही दाखविली, आणि तींत रेघा मारलेल्या ओळी दिसल्या, तर गबाळेपणा म्हणून त्यास एकदम रागावूं नये. ‘तुला काय दिसलें होतें?’ एवढेंच विचारावें, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावें. ज्यांस शाळेंत जावयास मिळालें नाहीं, त्यांसही हें करतां येईल. तास कोठें तुटला हें ओळखण्यांत तर त्यांची नजर आमच्याहून तयार आहे.

आमचा तो विद्यार्थी यंदा दहावींत आहे. तें ताट व ते छर्रे प्रयोगशाळेच्या कपाटांत आहेत. यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आम्ही ते दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवूं. पालकांनीं यावें, मुलांबरोबर ताट हलवावें, आणि मोजावें. पांच आले तर पांचच सांगावे.